काचेखाली १६ तास

चिकनच्या दुकानात पिसं काढून, मुंडी उडवून टांगलेल्या कोंबड्या आपण नेहमीच बघतो. तशाच दोन कोंबड्या १९८६ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात उभ्या राहिल्या आणि ठेक्यावर पाय टाकत चक्क नाचल्या! त्यांना नाचवणारा होता निक पार्क नावाचा २७ वर्षांचा तरुण. कोंबडीचा पाय जरासा उचलायचा, एक फ्रेम टिपायची, पाय केसभर पुढं न्यायचा, पुन्हा एक फ्रेम. एका सेकंदाच्या नाचासाठी हे असं कित्येकदा, आणि तेही तापलेल्या दिव्यांखाली. त्या खोलीतल्या वासाची कल्पना तुम्हीच करा. याच निक पार्कनं पुढं वॉलेस आणि ग्रॉमिट ही जोडगोळी पडद्यावर आणली आणि चार ऑस्कर मिळवले.

गाणं होतं पीटर गॅब्रिएलचं 'स्लेजहॅमर'. दिग्दर्शक स्टीफन जॉन्सन अमेरिकेचा, पण कारागीर ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओचे, आणि जोडीला लंडनमध्ये स्थिरावलेले क्वे हे जुळे भाऊ. या व्हिडिओत गॅब्रिएलच्या चेहऱ्यावर निळं आकाश पसरतं, त्यात ढग सरकतात, डोक्याभोवती आगगाडी धावते. यातलं काहीही संगणकावर केलेलं नाही. गायक स्वतः एका काचेखाली १६ तास पडून राहिला. हलायचं नाही. दर फ्रेमला ओठांचा आकार थोडासा बदलायचा आणि तसाच धरून ठेवायचा, म्हणजे सगळ्या फ्रेमा जोडल्यावर तो गातोय असं दिसेल. नटाला बाहुलीसारखं वापरण्याचं हे तंत्र जुनंच, पण एवढा नावाजलेला गायक आपणहून बाहुली होतो, हे विलक्षण. १९८७ साली या व्हिडिओला एमटीव्हीचे ९ पुरस्कार मिळाले. एकाच व्हिडिओला एवढे पुरस्कार मिळाल्याचा तो विक्रम आजही टिकून आहे.

ब्रिटिश म्युझिक व्हिडिओंवर माझा जीव आहे तो याच गोष्टीसाठी. गाणं चार मिनिटांचं, पैसा बहुतेकदा बेताचा, आणि डोक्यात एकच कल्पना. ती कल्पना कितीही वेडी असो, कुणीतरी अंग मोडून ती शेवटपर्यंत नेतं. पडद्यावर जे अशक्य वाटतं, ते बऱ्याचदा खरोखर घडलेलं असतं. आणि ते कसं घडवलं हे कळल्यावर मजा दुप्पट होते, असा माझा तरी अनुभव आहे.

पाचगणीचा मुलगा आणि चार तास

१९७५. क्वीनचं 'बोहेमियन रॅप्सडी' बाजारात आलं होतं. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात जाऊन रेकॉर्डवर ओठ हलवायचे, अशी तेव्हाची पद्धत. पण या गाण्यात आवाजांवर आवाजांचे इतके थर होते, की चौघांनी उभं राहून त्यावर ओठ हलवणं विचित्र दिसलं असतं. शिवाय बँड दौऱ्यावर निघालेला. मग दिग्दर्शक ब्रूस गॉवर्सला बोलावलं आणि एल्स्ट्री इथं तालीम सुरू असतानाच अवघ्या चार तासांत चित्रण उरकलं. खर्च पाच हजार पौंडांच्या आत.

त्यात गायक फ्रेडी मर्क्युरीचा एक चेहरा मागं मागं जात अनंत होतो, ते दृश्य आठवतं? केशकर्तनालयात समोरासमोर आरसे असले की आपली जशी रांग दिसते, तसंच ते. कॅमेरा त्याच्याच चित्राच्या मॉनिटरवर रोखला. चित्रात चित्र, त्यात पुन्हा चित्र. एका चेहऱ्याचे अनेक चेहरे होतात, ती करामत पैलू पाडलेल्या भिंगाची. अंधारातून वर बघणारे चार चेहरे तर छायाचित्रकार मिक रॉकनं काढलेल्या 'क्वीन टू' या अल्बमच्या मुखपृष्ठावरूनच उचललेले. गाणं नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, आणि गाण्यासोबत फिल्म हवीच, हे सगळ्या कंपन्यांना कळून चुकलं.

हा फ्रेडी म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बलसारा. आठव्या वर्षी तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला आणि 'हेक्टिक्स' या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवू लागला. टेबललँडच्या त्या गार वाऱ्यात वाढलेला मुलगा पुढं अख्ख्या म्युझिक व्हिडिओच्या धंद्याला वळण लावतो, याचा मला मनापासून आनंद होतो.

१९८४ च्या 'आय वाँट टू ब्रेक फ्री'मध्ये हेच चौघं बायकांच्या वेशात आले. फ्रेडी मिशीसकट व्हॅक्यूम क्लीनर फिरवतोय! 'कोरोनेशन स्ट्रीट' या घराघरातल्या ब्रिटिश मालिकेची ती नक्कल होती. ब्रिटनमध्ये लोक पोट धरून हसले. अमेरिकेत मात्र ती मालिकाच कुणाला माहीत नव्हती आणि तिथल्या एमटीव्हीनं व्हिडिओ बाजूला ठेवला. त्यातल्या बॅलेच्या प्रसंगासाठी फ्रेडीनं मिशी उतरवली होती, कारण तिथं तो निजिन्स्की या महान नर्तकाच्या रूपात होता.

खोली हलते, जमीन नाही

दादरला लोकलमध्ये बसलेलो असताना शेजारची गाडी सुटते आणि क्षणभर वाटतं, आपलीच सुटली. जोनाथन ग्लेझरनं १९९६ साली हा भास पकडला आणि त्याचा व्हिडिओ केला. गाणं जमिरोक्वायचं, 'व्हर्च्युअल इन्सॅनिटी'.

राखाडी भिंतींची एक रिकामी खोली. भल्याथोरल्या केसाळ टोपीतला गायक जे के जमिनीवरून घसरत जातो, पाय न हलवता कोपऱ्यापर्यंत पोचतो, परत फिरतो. बघणाऱ्याला वाटतं, जमिनीखाली सरकता पट्टा असणार. पट्टा नाहीच! जमीन ठार स्थिर आहे. हलतात त्या भिंती. चाकं लावलेल्या भिंतींची ती आख्खी पेटी बाहेरून पुढं-मागं ढकलली जाते आणि कॅमेरा भिंतीलाच बसवलेला असल्यामुळं त्याच्या दृष्टीनं भिंती जागेवरच राहतात. त्याला हलताना दिसतं ते फक्त जमीन आणि माणूस.

आता सोफ्याकडं लक्ष द्या. काही वेळा तो भिंतीबरोबर राहतो, काही वेळा जमिनीबरोबर सरकत येतो, आणि दोन सोफ्यांच्या मध्ये सापडण्याआधी जे के अंग चोरून निसटतो. हे सगळं एका दमात चित्रित झाल्यासारखं दिसतं. कॅमेरा मध्येच छताकडं किंवा जमिनीकडं वळतो आणि परत येईपर्यंत खोलीतलं चित्र पालटलेलं असतं. सांधा लपलाय तो तिथं. मी हा व्हिडिओ किती वेळा पाहिला असेन, गणती नाही. गुपित माहीत असूनही मेंदू दरवेळी फसतो. १९९७ च्या एमटीव्ही पुरस्कारांत याला दहा नामांकनं होती आणि वर्षातल्या सर्वोत्तम व्हिडिओसकट चार पुरस्कार मिळाले.

ग्लेझर पुढं सिनेमाकडं वळला. त्याच्या 'द झोन ऑफ इंटरेस्ट'ला २०२४ मध्ये सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, आणि या विभागात ब्रिटनचं हे पहिलंच ऑस्कर. त्या सिनेमात स्थिर कॅमेरे घरात बसवून नटांना मोकळं सोडलं आहे. भिंतीला बसवलेल्या कॅमेऱ्याची ती जुनी खोली मला तिथं हटकून आठवली.

श्वास धरा!

रेडिओहेडच्या 'नो सर्प्रायझेस'मध्ये चार मिनिटं फक्त एक चेहरा दिसतो. गायक थॉम यॉर्कचं डोकं एका पारदर्शक शिरस्त्राणात बंद. पाणी हनुवटीला लागतं, ओठांवर येतं, नाक बुडतं, डोळे बुडतात. पडद्यावर मिनिटाहून थोडा जास्त वेळ तो पाण्याखाली आहे. मग पाणी उतरतं आणि तो पुढची ओळ गाऊ लागतो.

दिग्दर्शक ग्रँट गीनं युक्ती केली ती आवाजात. पाणी भरलेलं असताना चित्रणाच्या जागी गाणं वाढवलेल्या वेगानं वाजवलं आणि नंतर चित्र गाण्याच्या मूळ लयीत आणलं. म्हणजे यॉर्कला श्वास धरावा लागला तो पडद्यावर दिसतो त्याहून कमी वेळ. तरीही टेकमागून टेक वाया जात होते, आणि त्याची चिडचिड गीनंच बनवलेल्या 'मीटिंग पीपल इज ईझी' या माहितीपटात अगदी उघडी दिसते. ते पाहिल्यावर मूळ व्हिडिओतलं ते शेवटचं हलकं हसू फार मोलाचं वाटतं.

वेगाशी असाच खेळ कोल्डप्लेच्या 'यलो'मध्ये आहे. डॉर्सेटमधला स्टडलंडचा समुद्रकिनारा, साल २०००. ऊन मिळेल या आशेनं ठरवलेला दिवस पावसात गेला. त्यातच ड्रमर विल चँपियनच्या आईचा अंत्यविधी त्याच दिवशी होता, म्हणून बँड नाही. एकटा गायक ख्रिस मार्टिन रेनकोट घालून ओल्या वाळूत चालतोय. कॅमेरा दुप्पट वेगानं फिरवलेला, त्यामुळं मार्टिनला गाणंही दुप्पट वेगानं म्हणावं लागलं. नंतर ते स्लो मोशनमध्ये उलगडतं आणि ओठ बरोबर जुळतात. जेम्स फ्रॉस्ट आणि अ‍ॅलेक्स स्मिथ या दोघांचं हे काम. याच फ्रॉस्टनं २००८ मध्ये रेडिओहेडचा 'हाउस ऑफ कार्ड्स' एकही कॅमेरा न वापरता केला! लेझर किरणांनी अंतरं मोजून, बिंदूबिंदूंनी चेहरे आणि रस्ते उभे केले, आणि मग तो सगळा डेटा लोकांना खेळायला मोकळा करून दिला.

कोल्डप्लेच्याच 'द सायंटिस्ट'मध्ये जग उलटं चालतं, ओठ मात्र सुलटे गातात. जेमी थ्रेव्हजच्या या व्हिडिओसाठी मार्टिन महिनाभर ते गाणं उलट्या क्रमानं म्हणायला शिकत होता. आपण लहानपणी उलट्या अक्षरांची भाषा बोलायचो, तिचा हा थोरला भाऊ. फक्त इथं अक्षरच नाही, प्रत्येक ध्वनी उलटा.

हाच बँड 'हिम फॉर द वीकेंड'साठी मुंबईत आला होता. रंग आहेत, साधू आहेत, वरळीचा कोळीवाडा आहे. पण इतकं सगळं भरूनही एक कल्पना हाताला लागत नाही. मला ओल्या वाळूतला तो एकटा माणूसच जास्त भावतो.

होक्सटनच्या फुटपाथवरून गोव्याला

पुढचा धागा गमतीचा आहे. १९९१ मध्ये ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅकनं 'अनफिनिश्ड सिम्पथी' केलं. दिग्दर्शक बेली वॉल्श. गायिका शारा नेल्सन लॉस एंजेलिसच्या एका रस्त्यावरून गात चालत जाते, कॅमेरा पुढं पुढं, एकही कट नाही. सहा वर्षांनी लंडनच्या होक्सटन स्ट्रीटवर व्हर्व्हचा रिचर्ड अ‍ॅशक्रॉफ्ट तसाच निघाला. हा मात्र कुणासाठी वाट सोडत नाही, येईल त्याला खांदा मारत सरळ जातो. गाणं 'बिटर स्वीट सिम्फनी', दिग्दर्शक वॉल्टर स्टर्न.

पुढच्याच वर्षी, १९९८ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या धामधुमीत, फॅट लेस नावाच्या मंडळींनी त्याची खेळकर नक्कल केली. अ‍ॅशक्रॉफ्टसारखा दिसणारा एकजण तोच रस्ता चालतोय आणि मागं ही मोठी वरात जमत जाते. त्या मंडळींत ब्लर बँडचा अ‍ॅलेक्स जेम्स होता आणि चित्रकार-शिल्पकार डेमियन हर्स्टही. गाण्याचं नाव काय, तर 'विंदालू'! पोर्तुगीज खलाशांचं वाइन-लसणातलं मांस गोव्यात आलं, व्हिनेगर आणि मिरचीत मुरलं, विंदालू झालं, ब्रिटनच्या करी हाउसमध्ये पोचलं आणि इंग्लंडच्या फुटबॉलवेड्यांची आरोळी बनलं. ब्रिटिश यादीत गाणं थेट दुसऱ्या क्रमांकावर.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर काय होतं, ठाऊक आहे? कॉर्नरशॉप बँडचं 'ब्रिमफुल ऑफ आशा', नॉर्मन कुकनं नव्यानं बांधलेलं. ही आशा म्हणजे आपल्या सांगलीच्या आशा भोसले. ४५ च्या वेगानं फिरणाऱ्या छोट्या रेकॉर्डींवरचं प्रेम त्या गाण्यात भरलंय.

जाता जाता या वॉल्टर स्टर्नची तीन वर्षं बघा. १९९६ ला प्रॉडिजीचं 'फायरस्टार्टर', लंडनच्या अ‍ॅल्डविच या बंद पडलेल्या भुयारी स्टेशनात, काळ्या-पांढऱ्यात. १९९७ ला होक्सटन. आणि १९९८ ला मॅसिव्ह अटॅकचं 'टिअरड्रॉप', ज्यात गर्भातलं बाळ गातं. ते बाळ यंत्रावर हलणारी बाहुली आहे, पण एलिझाबेथ फ्रेझरचा आवाज त्या इवल्या ओठांतून येतो तेव्हा हे लक्षात राहत नाही.

चिमूट चिमूट

एमटीव्ही १ ऑगस्ट १९८१ ला सुरू झालं, आणि पहिला व्हिडिओ लागला तो ब्रिटिश बगल्सचा 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार'. त्यात कीबोर्डवर एक काळ्या कपड्यांतला तरुण दिसतो. तो हान्स झिमर, ज्यानं पुढं 'द लायन किंग' आणि 'इंटरस्टेलर'ला संगीत दिलं!

चेहऱ्यातून चेहरा उमलत जाण्याची कमाल मायकल जॅक्सनच्या 'ब्लॅक ऑर वाइट'मध्ये संगणकानं झाली, १९९१ साली. गॉडली आणि क्रेम या संगीतकार-दिग्दर्शक जोडीनं 'क्राय'मध्ये ती १९८५ लाच करून दाखवली होती, साध्या विरत जाणाऱ्या चित्रांनी.

टिम पोपनं क्युअर हा अख्खा बँड एका कपाटात कोंबला आणि ते कपाट बीची हेडच्या कड्यावरून समुद्रात ढकललं. आत पाणी भरतंय आणि गाणं चालूच! 'क्लोज टू मी', १९८५.

ख्रिस कनिंगहॅमनं एफेक्स ट्विनचा 'कम टू डॅडी' लंडनच्या थेम्समीड वसाहतीत चित्रित केला. कुब्रिकचा 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' झाला ती हीच वसाहत. कनिंगहॅम कुब्रिककडं कामही करून आला होता. 'कम टू डॅडी' रात्री एकट्यानं बघू नका, एवढं मात्र कळकळीनं सांगतो.

हॅमर अँड टाँग्ज, म्हणजे गार्थ जेनिंग्ज आणि निक गोल्डस्मिथ. यांनी 'राइट हिअर, राइट नाउ'मध्ये एकपेशी जीवापासून माणसापर्यंतची धाव दाखवली, पण सुरुवातीला लिहिलं ३५० अब्ज वर्षांपूर्वी. विश्वाचंच वय साधारण १३.८ अब्ज! त्याच १९९९ साली त्यांनी ब्लरच्या 'कॉफी अँड टीव्ही'साठी दुधाचं एक हसरं खोकं बनवलं. बँडमधल्याच, हरवलेल्या ग्रॅहम कॉक्सनचा फोटो अंगावर घेऊन ते खोकं त्याला शोधायला घराबाहेर पडतं. पुठ्ठ्याच्या खोक्यासाठी डोळ्यांत पाणी येतं, खरंच.

दार ठोठावणारी केट

गायिका केट बुशला १९८५ च्या 'क्लाउडबस्टिंग'साठी बाप हवा होता. शास्त्रज्ञ विल्हेल्म राइख आणि त्याचा मुलगा पीटर यांची ही गोष्ट: बाप ढगांतून पाऊस पाडायचं यंत्र बनवतो, सरकारी माणसं त्याला पकडून नेतात, मुलगा डोंगरावर यंत्र चालवत राहतो. मुलाचं काम केट स्वतःच करणार होती, आखूड केसांचा टोप घालून. बाप म्हणून तिला डोनाल्ड सदरलंडच हवे होते. नकार कळवलेला असतानाही ती थेट लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिली, असं सदरलंड यांनीच पुढं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि होकार दिला.

ऑक्सफर्डशायरच्या व्हाइट हॉर्स हिलवर चित्रण झालं. 'एलियन' सिनेमातला प्राणी घडवणाऱ्यांपैकी काही हात त्या यंत्राला लागले होते. दिग्दर्शक ज्युलियन डॉयल. त्यात एक क्षण आहे: गाडी बापाला घेऊन निघते, मागच्या काचेतून तो वळून बघतो, आणि डोंगरावर पोरगं धापा टाकत यंत्राकडं पळत सुटतं. एवढ्यातच एका चित्रपटाचा ऐवज आहे.

तिच्याच 'वदरिंग हाइट्स'चे १९७८ मध्ये दोन व्हिडिओ झाले. एक पांढऱ्या झग्यात स्टुडिओत, दुसरा लाल झग्यात मोकळ्या गवतावर. लाल झग्याचं वेड असं, की २०१३ मध्ये ब्रायटनला शेकडो माणसं लाल झगे घालून बागेत जमली आणि सगळ्यांनी मिळून तो नाच केला. दाढीवाले बाप्येही त्यात होते. आता वेगवेगळ्या देशांत हा दिवस भरतो.

आतापर्यंत भेटलेल्या व्हिडिओवाल्यांची पुढची वाटचालही भरीव आहे. ग्लेझर आणि पार्क यांचं सांगितलंच. हॅमर अँड टाँग्जमधल्या जेनिंग्जनं 'सिंग' केला. कोल्डप्लेच्या 'लाइफ इन टेक्निकलर टू'मध्ये बाहुल्यांचा बँड नाचवणाऱ्या डूगल विल्सननं २०२४ मध्ये 'पॅडिंग्टन इन पेरू' दिग्दर्शित केला.

शेवटची गोष्ट मुद्दाम राखून ठेवली होती. रेडिओहेडचं 'जस्ट', १९९५, पुन्हा जेमी थ्रेव्हजच. लंडनमध्ये लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनजवळ एक नीटनेटक्या सुटातला माणूस चालता चालता फुटपाथवर आडवा होतो. घेरी आलेली नाही, प्यायलेला नाही. एकजण त्याला अडखळून पडतो, मग विचारपूस करतो, मग गर्दी जमते. काय झालं? बरं नाही का? बोलणं ऐकू येत नाही, फक्त खाली अक्षरं उमटतात. माणूस म्हणतो, सोडा मला, तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही. गर्दी हट्टाला पेटते. अखेर तो सांगायला तोंड उघडतो, आणि नेमकी तेव्हाच अक्षरं बंद होतात. ओठ हलतात. पुढच्या दृश्यात ती सगळी गर्दी त्याच्याभोवती फुटपाथवर आडवी पडलेली.

ओठ वाचून शब्द शोधायचा प्रयत्न लोकांनी गेली तीस वर्षं केला. थ्रेव्हजनं ते वाक्य अजून सांगितलेलं नाही. बँडनंही नाही.